मत्स्यगंधा आणि योजनगंधा

विवाह जुळविण्याच्या आपल्या पद्धतींत वधूवरांच्या बहुतेक सर्व गोष्टींची पारख होते. रूप पाहिलें जातें, आवाज ऐकला जातो. चालणें-बोलणें, शिक्षण, मिळकत, घराणें, पत्रिका यांतील एकही बाब सुटत नाहीं. एक घ्राणेंद्रिय मात्र या सगळ्या चौकशींत बेकार बसलेलें असतें. आणि त्यानें कांहीं काम करावयाचें मनांत आणलें, तरी दिवाणखान्यांत पोह्यांच्या फोडणीचा, उदबत्तीचा व वेणींतील गजऱ्याचा असा कांहीं मिश्र दरवळ कोंडलेला असतो कीं, त्याला मूळ माणसापर्यंत पोंचतांच येऊं नये. पुढें ज्या दोन जीवांना चाळीस-पन्नास वर्षें एका खोलींत श्वास घ्यावयाचा असतो, त्यांना परस्परांच्या अंगाचा वास सहन होईल कीं नाहीं, हा प्रश्न विचारणें आपण असभ्यपणाचें मानतों. तो खरोखरच असभ्य आहे काय, याचा थोडा विचार करावा असें मनांत आहे.

घ्राणेंद्रियाकडे विचारवंतांनींही फारशा आदरानें पाहिलेलें नाहीं. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यानें १७९८ सालच्या आपल्या ग्रंथांत हें इंद्रिय सर्वांत कमी मोबदला देणारें आणि ज्यावांचून सहज चालेल असें ठरविलें. मनुष्य दोन पायांवर उभा राहिला तेव्हां त्याचें नाक जमिनीपासून दूर गेलें, आणि वासाची सत्ता संपून दृष्टीचें राज्य सुरू झालें, असें मत फ्रॉइडनें १९३० सालीं मांडलें. माणसाचें नाक मुळांतच दुबळें असतें ही समजूत १९ व्या शतकांतील फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ ब्रोका याच्या लिखाणापासून रूढ झाली. तिला भक्कम आधार नाहीं, हें मॅकगॅन या अमेरिकन शास्त्रज्ञानें २०१७ सालीं सविस्तर दाखवून दिलें. आपल्या नैयायिकांनीं मात्र या बाबतींत संकोच केला नाहीं. गंध हा त्यांनीं पृथ्वीचा विशेष गुण मानला, त्याचे सुरभि व असुरभि असे दोन प्रकार केले, आणि मनुष्याचा देह पार्थिव ठरविला. देह पार्थिव, म्हणून त्याला गंध असावयाचाच. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

शिवाय, गंधाची ओढ म्हटली कीं, आपल्या मनांत लगेच स्त्रीपुरुषांचें आकर्षण येतें, हीही आपली दृष्टि थोडी बिघडल्याचीच खूण आहे. रामाला विश्वामित्राच्या स्वाधीन करतांना दशरथानें त्याचें मस्तक हुंगलें, असें वाल्मीकि सांगतो. प्राचीन संस्कृत वाङ्मयांत वडील माणसें लेंकरांना अशींच भेटतात, आणि अमेरिकन पंडित हॉपकिन्स यानें १९०७ सालीं या चालीवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला. न्हाऊं घातलेल्या तान्ह्या मुलाची टाळू हुंगल्यावांचून ज्यांना राहवत नाहीं, त्या आपल्या घरांतील बायकांना यासाठीं हॉपकिन्स वाचण्याची गरज नाहीं. उलट बाजूनें, अवघें आठवड्याभराचें मूलही आईच्या दुधाचा वास लागलेल्या कापडाकडे मान वळवितें व परक्या बाईच्या कापडाकडे तितकें वळवीत नाहीं, हें मॅकफार्लेन या इंग्रज डॉक्टरनें १९७५ सालीं दाखविलें. दृष्टि अजून धड स्थिरावलेली नसते, भाषा तर कोसभर दूर असते, अशा वेळीं माणसाला आपलें माणूस कोणतें हें सांगणारें इंद्रिय हेंच.

अंगाच्या गंधाची उपपत्ति थोडक्यांत अशी आहे. घाम मुळांत जवळजवळ निर्गंध असतो. अंगभर पसरलेल्या घर्मग्रंथि शरीर थंड राखण्यासाठीं केवळ खारट पाणी बाहेर टाकतात. कांखेंत व जांघेंत मात्र निराळ्या जातीच्या ग्रंथि असतात. त्या वयांत येण्याच्या सुमारास कामाला लागतात, आणि त्यांच्या स्रावाचें त्वचेवरील जिवाणू विघटन करतात, तेव्हां कोठें आपण ज्याला ‘अंगाचा वास’ म्हणतों तो उत्पन्न होतो. म्हणजे आपण जी वस्तु अत्यंत खासगी समजतों, ती वस्तुतः आपली व आपल्या या अदृश्य बिऱ्हाडकरूंची सामाईक मिळकत असते. तींतही जन्मजात भेद आहेत. एका विशिष्ट जनुकांतील एकाच अक्षराच्या फरकानें कानांतील मळ ओला कीं कोरडा हें ठरतें, असें जपानी संशोधकांनीं २००६ सालीं सिद्ध केलें. त्याच फरकानें कांखेचा वासही मंद होतो, आणि चीन, जपान, कोरिया या देशांत असे लोक बहुसंख्य आहेत. यावरून कोणी मनुष्यजातीचे श्रेष्ठ-कनिष्ठ वर्ग पाडूं लागला, तर त्यानें ते कानांतील मळावरून पाडल्याचें मान्य करावें, म्हणजे झालें.

आतां आकर्षणाकडे वळूं. १९५९ सालीं बुटेनान्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें रेशमाच्या सुमारें पांच लाख मादी-पतंगांपासून एक द्रव्य वेगळें काढलें. त्याचा लवलेश हवेंत असला तरी नर-पतंग तिकडे धांव घेतो. त्याच वर्षीं असल्या द्रव्यांना ‘फेरोमोन’ हें नांव मिळालें, आणि तेव्हांपासून माणसाचा फेरोमोन सांपडल्याच्या वार्तांना व त्या नांवानें बाटल्या विकणाऱ्या व्यापाऱ्यांना खंड पडलेला नाहीं. परंतु असें द्रव्य माणसांत आहे हें अद्याप कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. त्याहून अधिक विचार करण्यासारखा प्रयोग स्वित्झर्लंडमधील बर्न येथें वेडेकिंड व त्याचे सहकारी यांनीं केला व १९९५ सालीं प्रसिद्ध केला. ४४ तरुणांनीं दोन रात्रीं अंगांत वापरलेले टी-शर्ट ४९ तरुणींना हुंगावयास दिले. रोगप्रतिकाराशीं निगडित असलेलीं कांहीं जनुकें ज्या तरुणाचीं आपल्याहून भिन्न, त्याच्या कपड्याचा वास तरुणींना एकंदरीनें अधिक सुखद वाटला. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या तरुणींत मात्र हा कल उलट दिसला. पुढील प्रयोगांत या निष्कर्षाला कधीं दुजोरा मिळाला, कधीं मिळाला नाहीं. परिणाम असलाच तर तो बारीक आहे.

एवढ्या बारीक धाग्याला धरून, आमच्या पूर्वजांनीं सगोत्र विवाह निषिद्ध मानला तो याचसाठीं, असें सांगणारे गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांचा अभिमान समजण्यासारखा आहे, पण हिशेब चुकलेला आहे. गोत्र बापाकडून येतें. हीं जनुकें आईबापांकडून अर्धीं-अर्धीं येतात. शिवाय याच महाराष्ट्रांत पुष्कळ ज्ञातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. ती गोत्रानें परकी, पण रक्तानें अगदीं जवळची! शास्त्रीय ज्ञानाचें श्रेय पूर्वजांच्या पदरांत टाकण्यापूर्वीं मामाला तरी विचारावें.

परंतु हा बारीक धागा खरा मानला, तर नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. अमक्याचा सुस्वभाव, अमकीची बुद्धि, म्हणून आमचें प्रेम जडलें, असें आपण म्हणतों. आणि नाकानें त्यापूर्वींच आपला निकाल देऊन ठेवलेला असेल, तर त्या गुणवर्णनाला काय अर्थ उरला? आपण न्यायाधीश नसून नुसते निकाल वाचून दाखविणारे कारकून ठरतों. आणि जी गोष्ट ओढीची, तीच नावडीची. एखाद्याच्या अंगाचा वास मला सहन होत नाहीं, त्याला मी काय करूं, असें म्हणून मनुष्य आपली जबाबदारी निसर्गाच्या गळ्यांत बांधून मोकळा होऊं शकतो.

असें मोकळें होतां येत नाहीं, याचें कारण असें कीं, नाक आपण समजतों तितकें स्वतंत्र नाहीं. तें शिकविलेलें असतें. २००१ सालच्या एका प्रयोगांत हर्झ व फॉन क्लेफ या दोघींनीं एकच आंबूस वासाचें मिश्रण लोकांना हुंगावयास दिलें. एकदां तें मुरलेलें चीज म्हणून सांगितलें, एकदां ओकारी म्हणून. पहिल्या नांवाला लोक सुखावले, दुसऱ्या नांवाला त्यांनीं नाकें मुरडलीं. याहून बोलका प्रयोग रायकर व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केला. घामानें माखलेला एक सदरा विद्यार्थिनींना हुंगावयास दिला. त्यावर आपल्याच विश्वविद्यालयाचें चिन्ह दिसलें तेव्हां किळस कमी वाटली, दुसऱ्या विश्वविद्यालयाचें दिसलें तेव्हां अधिक. घाम तोच, पण ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ एवढा भेद मध्यें आला!

इंग्लंडांतील मध्यमवर्गीय मुलांना लहानपणापासून कामकरी वर्गाच्या अंगाला घाण येते असें शिकविलें जातें, आणि वर्गभेदाचें खरें मूळ तेथें आहे, असें ऑर्वेलनें १९३७ सालीं मोठ्या धैर्यानें लिहिलें. मतें बदलतां येतात, पण देहाला बसलेली किळस मतांना दाद देत नाहीं, असा त्याचा अनुभव. आपल्याकडे हें वर्गापाशीं थांबत नाहीं, जातीपर्यंत जातें. पिढ्यान्‌पिढ्या गांवाची घाण ज्यांच्या माथीं मारली, त्यांच्याच अंगाच्या वासाकडे बोट दाखवून ‘यांना जवळ कसें करावें?’ असा प्रश्न याच समाजानें केला. हातानें मैला उपसण्याचें काम कोणाकडून करवूं नये म्हणून १९९३ सालीं कायदा झाला आणि २०१३ सालीं दुसरा करावा लागला. यावरूनच पहिल्याची मातबरी कळते.

दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वीं माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. तरुणपणीं मुंबईंत नोकरी करीत असतां एकदां घाईंत मी लोकलच्या मालडब्यांत शिरलों. तेथें तीन-चार कोळणी आपापल्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. मी खिशांतून रुमाल काढून नाकाशीं धरला. त्यांपैकीं एका प्रौढ बाईनें तें पाहिलें, आणि एक शब्दही न बोलतां आपली पाटी ओढून दाराकडे नेली, वाऱ्यानें वास बाहेर जावा म्हणून. तिनें मला शिवी दिली असती तर बरें झालें असतें. त्याच संध्याकाळीं घरीं पापलेट तळलें होतें; त्याचा वास जिन्यांतच आला व माझीं पावलें झपाझप पडूं लागलीं. कांहीं दिवसांपूर्वींच मी ‘मत्स्यगंधा’ नाटक पाहून सत्यवतीच्या दुःखानें डोळे टिपले होते, हेंही सांगून टाकतों.

त्या सत्यवतीची मूळ कथा मीं नंतर आदिपर्वांत नीट वाचली, आणि मग ध्यानांत आलें कीं, हा सर्व वाद त्या एका घराण्यांत होऊन गेलेला आहे. दाशराजाची ही मुलगी यमुनेवर नाव चालवी, आणि तिच्या अंगाला माशांचा वास येई. पराशर ऋषि तिच्या नावेंत बसला व लुब्ध झाला, तो हा वास असतांना. तिनें त्याच्यापाशीं वर मागितला तो सुगंधाचा, आणि मत्स्यगंधेची योजनगंधा झाली. पुढें शंतनु राजा यमुनेच्या कांठीं हिंडत असतां त्याला एक अवर्णनीय सुगंध आला. त्याचा माग काढीत तो तिच्यापाशीं पोंचला.

यावर एक सोपा निवाडा सुचतो. पराशरानें ती जशी होती तशी पत्करली, शंतनूनें सजविलेली; म्हणून पराशराचें प्रेम खरें. मलाही प्रथम असेंच वाटलें. परंतु पुढें भीष्माला ही हकीकत सांगतांना सत्यवती काय म्हणते, तें पाहिलें पाहिजे. आपल्याला त्या वेळीं ऋषीच्या शापाची भीति वाटली, आणि बापाचीही वाटली, असें ती सांगते. ज्याला तिचा वास चालला, त्यानें तिला ‘नाहीं’ म्हणण्याची सोय ठेवली नव्हती. जो सुगंधामागून आला, त्या शंतनूनें तिच्या बापाकडे रीतसर मागणी घातली, आणि बापाची अट पाळवेना तेव्हां तो झुरत कां होईना, पण हात न लावतां परत गेला. वास सहन होणें म्हणजे माणसाला मान देणें नव्हे, हें या ठिकाणीं स्पष्ट दिसतें.

कथा येथेंच संपत नाहीं. सत्यवतीला पराशरापासून झालेला पुत्र व्यास. आईचा वास वरानें गेला, मुलानें तपस्व्याचा उग्र वास तसाच ठेवला. वंश खुंटूं लागला तेव्हां सत्यवतीनें आपल्या विधवा सुनांसाठीं त्यालाच बोलाविलें. त्यानें आधींच बजावलें होतें कीं, सुनेला माझें रूप, वेष आणि माझा गंध सोसवला पाहिजे. अंबिकेनें डोळे मिटले, अंबालिका पांढरी पडली. दुसऱ्या खेपेस अंबिकेला त्या रूपाची व त्या गंधाची आठवण झाली, आणि तिनें आपल्या जागीं दासीला पाठविलें. दासीनें त्याचा आदरानें सत्कार केला, आणि तिच्या पोटीं विदुर जन्मला. डोळे मिटल्याबद्दल पुत्र आंधळा, पांढरी पडल्याबद्दल पुत्र पांडुर, आणि दासीनें सोसलें म्हणून पुत्र धर्मात्मा, असा या कथेचा जमाखर्च आहे.

माझ्या मालडब्यांतील रुमालाला हा जमाखर्च शोभतो. पण त्या राजकन्यांना तो लागू करावा काय? त्यांना पळवून आणलें होतें. लग्न कोणाशीं, हें त्यांना विचारलें नव्हतें. नियोगाला होकार सासूनें मिळविला. ज्याला नकार म्हणावा असें त्यांच्यापाशीं काय उरलें होतें? मिटलेले डोळे आणि चेहऱ्याचा उडालेला रंग. त्या दासीची वाखाणणी करतांनाही अडखळावयास होतें. धन्याच्या घरांतील नकोशी गोष्ट सोसणें हाच तिचा धंदा होता, आणि तिच्या नाकानें काय म्हटलें हें महाभारतकारानें नोंदलेलें नाहीं.

म्हणून नाकाच्या निकालाला मीं एकच किंमत लावूं शकत नाहीं. मालडब्यांतून पुढच्या स्टेशनावर मी उतरूं शकत होतों; अंबिकेला उतरण्यासाठीं स्टेशन नव्हतें. उतरूं शकणाऱ्याची किळस आणि उतरूं न शकणाराची किळस या दोन वस्तु मला एका जातीच्या वाटत नाहींत. पहिलीला शिकवावें, रागवावें, लाजवावें. ती शिकते, हें वर सांगितलेल्या प्रयोगांवरून दिसतेंच. दुसरीचें आधीं ऐकून घ्यावें. अडचण अशी कीं, आपण नेमकें उलट करतों. रेल्वेंतल्या साहेबाच्या नाकाला कोणी ‘सवय कर’ म्हणत नाहीं. नव्या सुनेला मात्र सर्वजण तेंच सांगतात. आणि बाजारानेंही यांत आपला हात धुऊन घेतला. ‘ओडोरोनो’ या अमेरिकन औषधाच्या १९१९ सालच्या जाहिरातींत, तुमच्या कांखेच्या वासानें पुरुष दूर जात असतील व तुम्हांला कोणी सांगतही नसेल, अशी धास्ती बायकांना घातली होती. कित्येक वाचकांनीं संतापून त्या मासिकाची वर्गणी बंद केली. औषधाचा खप मात्र वाढला. बाईनें स्वतःच्या वासाला लाजावें व दुसऱ्याच्या वासाची सवय करावी, असा हा दुहेरी धडा आहे.

नाक शिकतें, असें मीं वर म्हटलें खरें. पण या शिकण्यालाच प्रेम म्हणावें कीं काय, याचा उलगडा मला झालेला नाहीं. आमच्या नात्यांत एक आजी होत्या. लग्न झालें तेव्हां त्या पंधरा वर्षांच्या होत्या. पहिल्या वर्षीं यजमानांच्या घामाच्या वासानें त्यांना रात्ररात्र झोंप येत नसे; खिडकीकडे तोंड करून त्या पडून राहत. पहिल्या सणाला माहेरीं गेल्या तेव्हां त्यांनीं हें आईला भीतभीत सांगितलें. आईनें, सवय होईल, एवढेंच उत्तर दिलें. सवय झाली. चार मुलें झालीं, बेचाळीस वर्षें संसार झाला, आणि यजमान वारले. त्यानंतर कितीतरी वर्षांनीं त्यांची ट्रंक आवरतांना माझ्या बायकोला तळाशीं एक जुनी बंडी सांपडली. ती धुवावयाची राहिली असें समजून तिनें बाजूला काढली, तर आजींनीं ती तिच्या हातांतून घेतली. ती मुद्दामच धुतली नव्हती. वास आतां उरला नव्हता, असें माझी बायको सांगते. आजींना मात्र तो येत होता.

बायकोनें त्यांना विचारलें, “म्हणजे शेवटीं आवडायला लागले ना तुम्हांला?”

आजींनीं बंडीची घडी केली. “तें मला पहिल्या वर्षीं विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या, आणि ट्रंकेचें झांकण लावून घेतलें.